शाश्वत विकासाचा सामाजिक परिप्रेक्ष्य : महाराष्ट्रातील पाणीवाटपाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. भारताच्या वतीने पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तेथे दारिद्र्य आणि पर्यावरण यांच्या परस्परसंबंधाकडे जगाचे लक्ष वेधले. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. आधीच्या दोन वर्षांतील अवर्षणाने खचलेला दख्खनचा पठारी प्रदेश १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात सापडला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. स्टॉकहोमला जमलेल्या प्रतिनिधींना पुरंदर तालुक्यातील खडी फोडणारी माणसे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्या माणसांना स्टॉकहोम ठाऊक नव्हते. तरीही पुढील काळात ‘शाश्वत विकास’ या नावाने जो विचार रूढ झाला, त्याची एक महत्त्वाची प्रयोगभूमी या दुष्काळातूनच घडली.

शाश्वत विकासाची सर्वमान्य व्याख्या १९८७ मधील ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून घेतली जाते. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास, हा तिचा आशय पाठ्यपुस्तकांतून आणि चर्चासत्रांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो आता मंत्रवत झाला आहे. मात्र त्याच अहवालात या व्याख्येला लागून दोन संकल्पना मांडल्या आहेत, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. पहिली ‘गरजा’ ही असून त्यांत जगातील गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम देण्यात आला आहे. दुसरी संकल्पना ‘मर्यादा’ ही होय. या मर्यादा निसर्गाने परस्पर घातलेल्या नसून तंत्रज्ञानाच्या अवस्थेमुळे आणि समाजाच्या संघटनेमुळे पडलेल्या आहेत, असे आयोगाने म्हटले आहे. म्हणजे पाणी, जमीन वा जंगल किती काळ टिकेल हा प्रश्न त्या साधनसंपत्तीच्या साठ्याइतकाच ती कोणाच्या हाती, कोणत्या नियमाने आणि कोणाला वगळून आहे, याच्याशी निगडित आहे.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संकल्पनेच्या आधारे महाराष्ट्रातील पाणीवाटपाच्या काही व्यवस्थांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. व्यवस्था किती काळ टिकली, एवढ्या एकाच निकषावर तिला शाश्वत म्हणता येते का, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

फड पद्धती : सामूहिक शिस्त आणि तिच्या सीमा

खानदेशात व नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात पांझरा, मोसम, आरम इत्यादी नद्यांवर दगडी बंधारे बांधून सिंचन करण्याची ‘फड’ नावाची पद्धत काही शतकांपासून प्रचलित होती. नदीच्या पात्रात एकाखाली एक असे बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघणारा पाट आणि त्या पाटाखालील भिजणारे क्षेत्र अशी तिची रचना असे. भिजक्षेत्राचे मोठे तुकडे पाडले जात, हेच ‘फड’. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, एखाद्या फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा फड पडीक, आणि पुढील वर्षी हा क्रम बदलावयाचा. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रचना साधी होती. तिची खरी गुंतागुंत सामाजिक नियमांत होती.

यातील दोन नियम विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. शेतकऱ्याच्या जमिनी शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड वगळावा लागला, तर तोट्याचा वाटा थोड्याफार प्रमाणात सर्वांच्या पदरी येई. आजच्या जमीन एकत्रीकरणाच्या दृष्टीने जे विखंडन दोषास्पद ठरते, तेच येथे न्यायाचे साधन होते. दुसरा नियम असा की शेतकऱ्याने आपल्या शेताला स्वतः पाणी द्यावयाचे नसे. ते काम पाटकऱ्याचे व त्याच्या हाताखालील माणसांचे. पिकांच्या राखणीला जागल्या असे, देखरेखीसाठी हवालदार असे आणि या सर्वांना मोबदला धान्यरूपाने मिळे. पाणी घेणारा आणि पाणी देणारा यांत केलेला हा भेद फार दूरदृष्टीचा होता. कालव्यावर रात्री दारे फोडणे किंवा टोकाच्या शेतकऱ्याचे पाणी वरच्याने अडविणे हे प्रकार आज कोणत्याही लाभक्षेत्रात परिचित आहेत. फडाच्या नियमाने त्यांची शक्यताच बव्हंशी काढून टाकली होती. पाटातील गाळ काढण्याचे श्रम जमिनीच्या प्रमाणात वाटलेले असत आणि टंचाईच्या काळात वरच्या बंधाऱ्याने खालच्यासाठी पाणी सोडावे असा संकेत होता.

ब्रिटिश राजवटीत १८७९ च्या मुंबई सिंचन अधिनियमाने अशा पारंपरिक बंधाऱ्यांना दुय्यम वर्गाच्या सिंचन कामांत स्थान दिले. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, प्रवाहाचे वेळापत्रक बदलले, विहिरी आणि विजेचे पंप आले. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला फडाच्या शिस्तीचे बंधन नकोसे झाले. एका फडात एक पीक हा नियम ढिला पडताच व्यवस्थेचा कणा खचला. शतकानुशतके टिकलेली ही संस्था एखाद-दोन पिढ्यांत क्षीण झाली, याचे कारण पावसाच्या प्रमाणात शोधून सापडणार नाही.

तथापि फड पद्धतीचे गौरवीकरण करणाऱ्या लेखनात एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. फडातील पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. भूमिहीनाचा या व्यवस्थेशी संबंध आला तो मजूर म्हणून किंवा धान्यावर राबणारा सेवक म्हणून. स्त्रियांच्या नावे जमीन नसल्याने पंचांच्या बैठकीत त्यांना स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. भागीदारांमधील समता हे फडाचे मोठे वैशिष्ट्य खरे, परंतु भागीदार कोण हे आधीच ठरून गेलेले होते.

कालवे, ऊस आणि जोतीराव फुले यांची सूचना

१८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये संरक्षक सिंचनाची कल्पना सरकारी पातळीवर बळावली. भुकेपासून संरक्षण हा तिचा घोषित हेतू होता. १८८५ मध्ये सुरू झालेला निरा डावा कालवा हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला कालव्याचे पाणी विकत घेण्याची गरज भासेना आणि दुष्काळाच्या वर्षी मागणी एकदम उसळे. कालव्याचा खर्च वसूल होईना. उसाने हा पेच सोडविला, कारण ऊस बाराही महिने पाणी मागतो आणि पाणीपट्टीही देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडलेल्या ‘ब्लॉक’ पद्धतीत ठरावीक क्षेत्राला अनेक वर्षांच्या कराराने पाणी मिळे. त्या क्षेत्राच्या एका भागातच ऊस घ्यावयाचा आणि उरलेल्या भागात हंगामी पिके, अशी तिची योजना होती. पाणी अधिक गावांत पसरावे आणि उसाखालील जमीन पाणथळ होऊ नये, हा हेतू त्यामागे होता. कागदावर पाहता फडाच्या फेरपालटाशी तिचे साम्य आढळते. फरक एवढाच, आणि तो मूलभूत आहे, की येथे करार सरकार आणि एकेक बागाईतदार यांच्यात होता. शेजाऱ्याशी शेजाऱ्याचा कोणताही करार नव्हता. पुढील दशकांत याच पट्ट्यात पाणथळ व क्षारपड जमिनींचा प्रश्न उद्भवला.

निरेच्या कालव्यावर ऊस फुलविण्यात सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांचा मोठा वाटा होता. कोरडवाहू पुरंदर सोडून ते कालव्याच्या काठी गेले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना काढला. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ग्रामीण महाराष्ट्राचे राजकारण व अर्थकारण यांना नवे वळण मिळाले. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा गाडगीळ यांचा अभ्यास १९४८ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला होता. सिंचनाचे लाभ पाणीपट्टीच्या पलीकडे रोजगार, व्यापार आणि उत्पन्न यांत मोजले पाहिजेत, ही त्याची दृष्टी काळाच्या पुढची होती. सहकाराने भांडवल सामूहिक केले, गाळप सामूहिक केले. पाणी मात्र ज्याच्या शेतात पोहोचले त्याचेच राहिले. केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने उसाच्या किमतीविषयीच्या अहवालात दाखवून दिले आहे की राज्यातील एकूण पिकांखालील क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा जवळजवळ सत्तर टक्के हिस्सा घेतो. हा आकडा शेतकऱ्याच्या लोभाचा पुरावा म्हणून वापरला जातो, ते अन्यायाचे आहे. ज्या पिकाला खात्रीचा भाव, खात्रीचा खरेदीदार आणि खात्रीचे कर्ज मिळते ते पीक शेतकरी घेणारच.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाकडे वळणे उपयुक्त ठरते. फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. तेथून ते पुरंदर तालुक्यातील खानवडीला आले आणि मग पुण्यात स्थिरावले. कोरडवाहू शेतीचे वास्तव त्यांना परके नव्हते. पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यानाल्यांस मिळावे, यासाठी पलटणीतील शिपाई व पोलीस यांतील फाजील माणसांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधून घ्यावेत, तळी-तलाव दुरुस्त करावेत, अशी सूचना त्यांनी केली. आजच्या परिभाषेत हा पाणलोट विकासच होय. परंतु त्याहून अधिक लक्षणीय आहे ती त्यांची कालव्याविषयीची सूचना. पाटबंधारे खात्याने प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या मानाने स्वतंत्र तोटी काढून द्यावी, असे त्यांनी सुचविले. पाणी वाटणाऱ्या नोकरशाहीच्या मर्जीवर शेतकरी अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार होता. पाणी किती साठले यापेक्षा ते मिळण्याची हमी कोणास आहे, या प्रश्नाला त्यांनी हात घातला होता.

चवदार तळे : टिकाऊपणाच्या निकषाची परीक्षा

पाण्याच्या सामाजिक इतिहासात महाडचे स्थान अनन्यसाधारण आहे. पर्यावरणविषयक लेखनात मात्र चवदार तळ्याचा उल्लेख फारसा येत नाही. तो सामाजिक समतेच्या प्रकरणात घातला जातो. ही विभागणी तपासून पाहण्याजोगी आहे.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याची शिफारस केली. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. व्यवहारात काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निर्णय मार्च १९३७ मध्ये लागला, म्हणजे पाणी पिण्याच्या एका कृतीला कायद्याची मान्यता मिळण्यास दहा वर्षे लागली.

चवदार तळे आटले नव्हते. त्याची देखभाल होत होती, पिढ्यानपिढ्या लोक त्याचे पाणी वापरीत होते. साधनसंपत्ती पुढील पिढीपर्यंत सुरक्षित पोहोचविणे एवढाच शाश्वततेचा अर्थ घेतला, तर १९२७ पूर्वीचे चवदार तळे हे शाश्वत व्यवस्थापनाचे उत्तम उदाहरण ठरेल. असा निष्कर्ष कोणाही विचारी माणसाला पटणार नाही. आणि तो का पटत नाही याचा शोध घेतला म्हणजे केवळ टिकाऊपणाच्या व्याख्येतील उणीव उघड होते. भावी पिढ्यांविषयीचा न्याय वर्तमान पिढीतील न्यायाला वगळून सांगता येत नाही. ब्रुंटलँड आयोगाने गरिबांच्या गरजांना जो अग्रक्रम दिला, त्याचा आशय महाडच्या परिषदेने साठ वर्षे आधी आणि कितीतरी अधिक किंमत मोजून मांडला होता.

नायगावचा प्रयोग : माणशी पाणी

विलासराव साळुंखे (१९३७-२००२) हे पुण्यातील यशस्वी अभियंते-उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात आले ते मदतकार्याच्या निमित्ताने. रस्ते आणि खडी यांवर होणारा श्रम व पैसा दुसऱ्या दुष्काळात पुन्हा तेवढाच करावा लागेल, हे त्यांच्या ध्यानी आले. रोजगार हमी योजनेच्या रूपाने राज्याने मजुराच्या हाताला काम देण्याचे उत्तरदायित्व स्वीकारले, त्याचे महत्त्व मोठे आहे. साळुंखे यांचा प्रश्न त्यापुढचा होता. पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडणाऱ्या गावात, आहे त्याच पाण्यावर प्रत्येक कुटुंब आपले अन्न पिकवू शकेल का?

१९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना झाली. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली. उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याशी पाझर तलाव, तलावाखाली विहीर आणि विहिरीतून उपसा, असा कामाचा क्रम होता. काही वर्षांत त्या जमिनीवर धान्य उभे राहिले आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी चौकशी सुरू केली. येथपर्यंतची कथा पाणलोट विकासाच्या इतर अनेक यशोगाथांसारखीच आहे. वेगळेपण पुढे आहे.

पाणी आले तर ते कोणाचे, याचे उत्तर प्रतिष्ठानाने आधी मागितले. त्या उत्तरातून ‘पाणी पंचायत’ या नावाने ओळखले जाणारे नियम सिद्ध झाले. योजना एकट्या शेतकऱ्याला मिळणार नाही, ती गटालाच मिळेल. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरेल. दरमाणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. ऊस आणि बारमाही पाणी मागणारी पिके घेता येणार नाहीत. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. जमीन विकली तर हक्क गटाकडे परत येईल. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा राहील. खर्चाचा वीस टक्के भाग लाभार्थींनी आधी उभा करावयाचा, निम्मा शासकीय अनुदानातून आणि उरलेला तीस टक्के प्रतिष्ठानाकडून बिनव्याजी कर्जरूपाने. पाणी देण्यासाठी गटाने नेमलेला पाटकरी.

हा शेवटचा शब्द खानदेशातील फडातही भेटतो. पाणी घेणारा आणि देणारा यांना वेगळे ठेवण्याचे तत्त्व पुन्हा एकदा, वेगळ्या नदीखोऱ्यात आणि वेगळ्या काळात उपयोगी पडले. परंतु फडाचा पाया असलेले जमिनीचे माप येथे काढून टाकण्यात आले होते. पाच माणसांच्या कुटुंबाकडे पंधरा एकर जमीन असो वा अडीच एकर, पाणी सारखेच. ज्या तालुक्यातून माळी शेतकरी अर्धशतकापूर्वी उसासाठी कालव्याकडे गेले, त्याच तालुक्यात उसाला मनाई करणारा नियम लोकांनी स्वतः स्वीकारला, ही इतिहासातील एक अर्थपूर्ण घटना होय.

या नियमांना विरोध झाला नाही असे नाही. मोठ्या जमीनधारकाला माणशी वाटप हा तोटाच होता आणि गटात सर्वानुमते निर्णय होण्यास कित्येक बैठका लागत. विजेचा वाढता खर्च, पंपांची दुरुस्ती आणि मूळ पिढी मागे पडल्यावर ढिली झालेली शिस्त यांमुळे पुढे काही योजना बंद पडल्या. सर्वांत मोठी उणीव भूमिहीनांच्या बाबतीत राहिली. पाण्याचा हक्क मान्य झाला, पण पाणी ओतावयाचे कोठे? खंडाने जमीन घेण्याची सोय तत्त्वतः होती, प्रत्यक्षात फार थोड्या भूमिहीनांपर्यंत लाभ पोहोचला. केवळ पाण्याचे फेरवाटप करून जमिनीच्या विषम वाटपावर मात करता येत नाही, हे या प्रयोगाने आपल्या अपयशातूनही दाखवून दिले. तरीही, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मालकीच्या मापाऐवजी माणसाचे माप लावणारी सिंचनव्यवस्था गावकऱ्यांनी चालवून दाखविली, ही तिची ऐतिहासिक कामगिरी कमी लेखता येणार नाही. साळुंखे यांच्या पश्चात कल्पनाताई साळुंखे यांनी हे कार्य पुढे नेले.

येरळेची वाळू

नायगावचे तत्त्व चळवळीच्या मार्गाने पुढे नेण्याचा प्रयत्न सांगली जिल्ह्यात झाला. खानापूर तालुक्यात येरळा नदीतून कंत्राटदारांकडून होणाऱ्या वाळूउपशाने नदी कोरडी पडत होती. १९८० च्या दशकात तांदुळवाडी व बलवडी येथील ग्रामस्थांनी, मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने, वाळूवर गावाचा हक्क सांगितला. मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशांतून नदीवर बंधारा बांधावयाचा आणि पाणी भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना समान वाटावयाचे, असा त्यांचा आराखडा होता. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यात सहभागी झाले. शासनाचा आरंभीचा विरोध ओलांडून बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. याच परिसरात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न धसास लावला. कुटुंब हे एकक मानले की त्या कुटुंबातून हाकलून दिलेली स्त्री मोजणीतून सुटते, हे त्यामुळे प्रकाशात आले. पुढे १९९३ पासून आटपाडी परिसरात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली आणि ‘समन्यायी’ हा शब्द महाराष्ट्राच्या जलविषयक चर्चेत स्थिरावला.

१९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने केलेली वाटचाल सर्वपरिचित आहे. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणे, शेतीसाठी विंधन विहिरींना बंदी, ऊस-केळीला मनाई, हे निर्णय तेथील ग्रामसभेने घेतले. उपशावर मर्यादा घालण्यात हे गाव यशस्वी झाले. वाटपाचे माप बदलण्याचा प्रश्न मात्र त्या प्रारूपाच्या केंद्रस्थानी नव्हता.

कायदा आणि वर्तमान

एकविसाव्या शतकात पाणीवाटपाचा विषय कायद्याच्या चौकटीत आला. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल (१९९९) आणि नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर ओझर परिसरातील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी मिळविलेला अनुभव यांचा त्यास आधार होता. २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अधिनियम असे दोन कायदे झाले. पाणी घनमापनाने मोजून संस्थेला द्यावे, संस्थेने ते आपल्या सभासदांत वाटावे, ही त्यांतील तरतूद स्वागतार्ह होती. भूजलाविषयीचा २००९ चा कायदा त्यानंतरचा.

दुसरीकडे पाणी साठविण्यावरच भर देणारे कार्यक्रमही वाढले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळीवर अपेक्षित परिणाम झाला नाही, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नमूद केले. शेततळ्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पावसाचा वाहता ओघ अडविण्यासाठी कल्पिलेली शेततळी अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचे अस्तर घालून विहिरीच्या व विंधन विहिरीच्या पाण्याने भरली जाऊ लागली. जमिनीखालील सर्वांचे पाणी उपसून एका गटनंबरात उघड्यावर साठविणे, असा त्याचा अर्थ होतो. उन्हात त्यातील बरेच पाणी वाफ होऊन जाते. अनुदान मात्र जलसंधारणाचे असते.

पाणीवापर संस्थेच्या सभासदत्वाची व्याख्या या संदर्भात पुन्हा वाचावी लागते. २००५ च्या अधिनियमानुसार लाभक्षेत्रातील जमिनीचा धारक किंवा वहिवाटदार हा सभासद. पाण्याचा कोटा संस्थेला घनमीटरमध्ये मिळतो आणि सभासदांना तो त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात वाटला जातो. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री, खंडाने जमीन करणारा नोंद नसलेला कसवटदार आणि त्याच शेतावर रोजाने राबणारा मजूर यांची नावे त्या यादीत येत नाहीत. पाणी पंचायतीच्या योजनांत यादी करताना घरातील माणसे मोजली जात, आणि त्यांत तान्ह्या मुलाचाही अर्धा एकर धरला जाई.